अर्ज मोहित्यांचा, वांधाही मोहित्यांचा

लग्नात मी ताट घेऊन बसले की पाच मिनिटांत कोणीतरी खुर्ची ओढून शेजारी येतंच. "शिर्केबेन, आमच्या अंगणातला लिमडा जरा..." म्हणजे ह्यांना कडुलिंब तोडायचाय! बडोद्यात झाड तोडायचं, नाहीतर मोठी फांदी छाटायची, तर परवानगी लागते, आणि त्या परवानगीच्या टेबलामागे मी बसते. डॉक्टरला लोक दुखणं सांगतात, वकिलाला भांडण सांगतात. मला दोन्ही सांगतात आणि वर मोबाइलवर झाडाचा फोटो दाखवतात! मग किस्से साचणार नाहीत तर काय होणार? घरी सांगायला गेलं तर आमचे हे म्हणतात, "तुझं ते झाडपुराण पुरे." म्हणून तुम्हाला सांगते.

ऑफिसात मुख्य आम्ही दोघं. मी आणि अमीनसाहेब. साहेब गुजराती, पण माझ्याशी हट्टाने मराठीच बोलतात. सही करताना जीभ बाहेर काढतात आणि सही झाली की "जय श्रीकृष्ण" म्हणतात. झाड तोडायची सही असेल तर दोनदा म्हणतात.

*

मांडवीतल्या एका कापडवाल्या शेठच्या दुकानाच्या भिंतीत पिंपळ उगवला. बघता बघता मनगटाएवढा झाला, भिंतीला चीर गेली. शेठ अर्ज घेऊन आले. मी म्हटलं, "शेठ, कोवळा होता तेव्हाच उपटायचा होता ना!"

"पिंपळ आहे, बेन! मी कसा हात लावू? तुमी ऑर्डर द्या, म्हणजे पाप सरकारला लागेल."

ऑर्डर दिली. आता तोडणारा माणूस हात लावेना. तो म्हणे, सरकार लांब राहिलं, कुऱ्हाड तर माझ्या हातात आहे! मग शेठनी नारळ फोडला, अगरबत्ती लावली आणि पिंपळासमोर उभं राहून आमची अख्खी ऑर्डर मोठ्याने वाचून दाखवली. जावक क्रमांकासकट! मी पाहणीला गेलेली, मला हसू आवरेना.

"शेठ, त्याला हे कळणार आहे का?"

"कळो ना कळो बेन, घर खाली करायची नोटीस तर द्यायला पाहिजे ने!"

*

आता मोहितेकाका. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेले. कडक इस्त्रीचा शर्ट, जुनी स्कूटर, आणि ऑफिसात येताना हातात लिल्या चिवड्याचा, म्हणजे बडोद्याच्या ओलसर बटाटा-चिवड्याचा पुडा. वर्कशॉपच्या मागच्या बाजूला त्यांचं बैठं घर आहे. घर काकांच्या आणि मुलाच्या नावावर. काकी गेल्या, मुलगा नितीन कॅनडात. अंगणात रायणचं झाड. रायण म्हणजे आपली खिरणी. उन्हाळ्यात पिवळी धमक, बोटाच्या पेराएवढी गोड फळं लागतात.

काकांनी अर्ज केला, रायण तोडायची आहे, मुळं घराच्या पायात शिरतायत. मी जाऊन बघितलं. मुळं कुठेच शिरली नव्हती, झाड ठणठणीत! तरी नियमाप्रमाणे झाडाला नोटीस चिकटवली, कोणाचा वांधा असेल तर कळवा. आमच्याकडे हरकतीला सगळे वांधाच म्हणतात. आठवड्याभरात वांधा आला. झाड निरोगी आहे, पोपट येतात, तोडू नये. खाली सही, मोहिते!

साहेबांनी चष्मा वर केला. "शिर्केबेन, आ शुं छे? अर्ज मोहिते, वांधा पण मोहिते? बाप-मुलाचा झगडा?"

"नाही साहेब. दोन्ही सह्या काकांच्याच आहेत."

बोलावलं काकांना. साहेब म्हणाले, "काका, झाड काढायचं आहे की ठेवायचं आहे?"

"ठेवायचं आहे."

"मग अर्ज मागे घ्या."

"तो नाही घ्यायचा."

साहेब माझ्याकडे बघतायत, मी साहेबांकडे. काका खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "वांधा आला की सुनावणी लागते, बरोबर? आणि सुनावणीला घराच्या सगळ्या मालकांनी जातीने यायचं असतं. नितीन मालक आहे."

मग हळूच म्हणाले, "आईच्या दिवसांना आला होता, त्यानंतर आलाच नाही. दर वर्षी म्हणतो, पप्पा, पुढच्या वर्षी नक्की. मी बोलावून येत नाही. म्हटलं सरकारने बोलावलं तर येईल."

साहेब तापले. "काका, हे सरकारी काम आहे, मस्करी नाही! असं चालणार नाही."

"बरं," काका म्हणाले. पुडा टेबलावर ठेवला, उठले, आणि दारातून वळून म्हणाले, "तुमची मुलगी मेलबर्नला ना, साहेब? येऊन गेली का इतक्यात?"

साहेबांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर पसरलं. "बसा काका. तारीख कधीची देऊ?"

*

तारखेवरून आठवलं. घोरपडेवहिनी एका सोसायटीच्या सेक्रेटरी. त्यांच्या फाटकाशी मोठा वड. पारंब्या स्कूल बसला अडकतात म्हणून वहिनींनी माझं डोकं खाल्लं होतं. रोज फोन! "अहो, मुलांच्या डोळ्यात जाईल एखादी. तुम्ही जबाबदारी घेणार का?" शेवटी छाटायची परवानगी निघाली आणि माणसं गेली. तासाभरात त्यांचा मुकादम फोनवर.

"बेन, इथे बायकांनी झाडाला घेरलंय. दोरे गुंडाळतायत. आम्हाला म्हणतात, हात तर लावून बघा!"

अगं बाई! वटपौर्णिमा! मी स्वतः सकाळपासून उपाशी बसलेली, आणि छाटणीची तारीखही तीच आहे हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. स्कूटर काढून धावले. बघते तर काय, सगळ्यांत पुढे, नऊवारी नेसून, नाकात नथ घालून, घोरपडेवहिनी!

"वहिनी, अर्ज तुमचाच आहे ना?"

"माझाच आहे. मी कुठे नाही म्हणतेय? पण आज सात जन्मांचं चाललंय. उद्या या."

मागे घोरपडे पूजेची पिशवी धरून उभे होते. ते बिचारे म्हणाले, "अगं, उद्या छाटलं काय नि आज छाटलं काय, फरक काय पडतो?"

"पडतो!" वहिनी म्हणाल्या. "आज त्या झाडात तुम्ही आहात. उद्या नुसतं झाड आहे!"

*

तर काकांची सुनावणी. नितीनला आमचं पत्र गेलं. त्याचं उत्तर ईमेलने आलं, अगदी नम्र. व्हिडिओ कॉलवर हजर राहिलो तर चालेल का?

साहेब म्हणाले, "लिहा, नॉट अलाउड."

"साहेब, असा नियम कुठे आहे?"

"चालेल असा नियम आहे?"

"नाही."

"मग लिहा!"

डिसेंबरात नितीन आला. कॅनडात सुट्ट्या असतात तेव्हा. मला वाटलं होतं, बाप-लेक हसत येतील. कसलं काय! नितीनने फाइल बघितली आणि त्याचा चेहराच उतरला.

"पप्पा, अर्जही तुमचा आणि ऑब्जेक्शनही तुमचंच? मी दोन फ्लाइट बदलून ह्यासाठी आलो? तिकडे माझं काम, मुलांची शाळा... आजारी आहे म्हणाला असतात तरी आलो असतो!"

"आजारी नव्हतो ना," काका म्हणाले, आणि पायाखालच्या फरशीकडे बघत बसले. खरं सांगते, त्या क्षणी मला दोघांचाही राग आला आणि दोघांसाठी रडूही आलं. माझी लेक बेंगळुरूला असते. तेवढं अंतरही दिवाळी झाल्यावर मला कॅनडाएवढंच वाटतं.

साहेबांनी फाइल मिटली. "स्थळपाहणी केल्याशिवाय निकाल देता येणार नाही. चला सगळे."

स्थळपाहणी मी आधीच केलेली होती! पण गप्प बसले. गेलो प्रतापनगरला. नितीन फाटकातून आत आला, रायणखाली उभा राहिला आणि किती तरी वेळ वर बघत राहिला. साहेब उगीचच खोडाला टेप लावून मापं घेत होते.

मग नितीन म्हणाला, "फळं नाहीत?"

"डिसेंबरात कुठली? रायणं उन्हाळ्यात," काका म्हणाले. "विसरलास तू."

"विसरलो नाही. ओठ चिकटायचे." त्याने ओठांवरून बोट फिरवलं. "चीक असायचा ना त्यांना. आई खोबरेल लावून ओठ सोडवायची. आणि ओरडायची."

"तुला नाही, मला ओरडायची," काका म्हणाले. "मीच तुला धुवायच्या आधी द्यायचो."

साहेबांनी निकाल जागच्या जागी सांगितला. झाड निरोगी आहे, परवानगी नामंजूर. जय श्रीकृष्ण एकदाच. आठवडा सरायच्या आत नितीन परत गेला. काका त्यानंतर वर्षभर ऑफिसात यायचे, पुडा ठेवायचे, दोन मिनिटं बसायचे आणि जायचे. मी विचारायची, "नितीन काय म्हणतो?" उत्तर ठरलेलं. "पुढच्या वर्षी नक्की म्हणतो." त्यांच्याकडे बघवायचं नाही मला.

*

दवे आणि निंबाळकर, भिंतीला भिंत लागून शेजारी. दव्यांच्या अंगणात जुनी चिंच. चिंचेची ती बारीक पानं निंबाळकरांच्या अंगणात पडायची. वाळवणात पान, चहात पान, वहाणेत पान! निंबाळकर रोज सकाळी झाडू घेऊन भिंतीपाशी जायचे आणि दव्यांना हाक मारून भांडायचे. दवे पण तयारीतच असायचे. "वाऱ्याला सांगा ने, मला काय सांगता!" अर्धा तास चालायचं. पानांवरून पार काश्मीरपर्यंत जायचे दोघं, आणि भांडता भांडता चहा भिंतीवरूनच इकडून तिकडे.

निंबाळकरांनी अर्ज केला. आम्ही बघितलं तर खोड आतून पोकळ झालेलं, पावसाळ्यात कोणाच्या अंगावर पडायचं. परवानगी दिली. चिंच गेली.

काही महिन्यांनी निंबाळकरवहिनी ऑफिसात. म्हटलं, आता काय? तर म्हणाल्या, "तुमच्याकडे रोप मिळतं ना? एक द्या. दव्यांच्या अंगणात लावायचं आहे, त्यांच्या बाईंनीच सांगितलंय."

"कसलं देऊ? सावलीचं देऊ का?"

"सावली नको हो. आमचे हे सकाळी उठून नुसते बसून असतात, आणि तिकडे दवेही तसेच. भरपूर पानं गाळणारं असेल तर बघा. आणि लवकर वाढणारं!"

*

आणि हा आत्ताचा, जानेवारीतला किस्सा. आता अर्ज ऑनलाइनही येतात. सकाळी कॉम्प्युटर उघडला तर एक अर्ज, प्रतापनगर, रायण, फांद्या छाटायच्या आहेत. वर नाव मोहिते. मी कपाळाला हात लावला. नोटीस चिकटवून आले. काका नेमके घरी नव्हते, बँकेत गेले होते म्हणे. चारच दिवसांत वांधा आला. वांधा घेणारेही मोहिते!

साहेब म्हणाले, "काकांनी पुन्हा चालू केलं? बोलवा त्यांना!"

काका आले ते घाबरेघुबरे. पुडासुद्धा विसरले. "साहेब, ह्या वेळी मी काही केलेलं नाही! आईशप्पथ! नोटीस बघून मलाच धक्का बसला. कोणी केलाय अर्ज?"

मी अर्ज पुन्हा नीट उघडला, आणि मगच पूर्ण नाव वाचलं. स्क्रीन काकांकडे वळवला. काकांनी चष्मा पुसला आणि ओठ हलवत वाचलं.

"नितीन?"

"वांधाही बघा, काका."

त्यांनी तोही वाचला. पुन्हा वर जाऊन अर्ज वाचला, पुन्हा खाली येऊन वांधा. मग रुमाल काढला आणि चष्म्याच्या काचा पुसत बसले, चष्मा तर आत्ताच पुसलेला.

अमीनसाहेब उठले, भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर पसरलं. "दोन्ही कागद आले म्हणजे सुनावणी लावावीच लागणार. मालकांनी जातीने यायचं. काका, पुढच्या महिन्यातली तारीख देऊ?"

"नको, नको!" काका एकदम म्हणाले. त्यांनी स्वतःच कॅलेंडरची पानं उलटली, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, आणि एका पानावर बोट ठेवलं. "मे महिन्यातली द्या. आणि साहेब, सकाळची वेळ देऊ नका. सकाळी आम्हाला रायणं वेचायची असतात."