पन्नासेक पायऱ्यांनंतर शून्य

पडद्यावर ओळीनं शून्यं उमटली की मला अजूनही ती मुलगी दिसते. भरवर्गात दिसते, भरदुपारी. खडू हातात तसाच राहतो.

ती अंजनगाव सुर्जीची, पानमळा असलेल्या घरची. अमरावतीला माझ्याकडे पीएचडी करायची. विषय माझाच: एकच नियम पुन्हा पुन्हा लावत गेलं तर एखादी संख्या शेवटी कुठे पोचते. घरच्यांनी तिला तेवढं एक साल दिलं होतं. त्यात मुख्य प्रकरणावर माझी सही झाली तर पुढे शिकायचं, नाहीतर मळ्यात.

तिनं वहीत हातानं सिद्ध केलं होतं की तिच्या संख्या कुठेच स्थिरावत नाहीत, कायम भटकतात. मी कॉम्प्युटरवर चालवून पाहिलं. पन्नासेक पायऱ्या भटकंती, मग शून्य. दुसरी संख्या घेतली, पुन्हा शून्य.

"मॅडम, मशीन चुकून राह्यली, मी नाई," ती म्हणाली.

माझं डोकं सणकलं. स्वभावच तसा मेला, आधी तोंड सुटतं, मग अक्कल येते. "हो का? मशीन चुकते अन् तू एकटी शहाणी! जा, नीट करून आण." वही तिच्यापुढे आपटली. तिनं माझ्याकडे टक लावून पाहिलं, वही उचलली आणि गेली. परत आलीच नाही. आजकालच्या पोरींना दम नाही, असं मी स्टाफरूममध्ये म्हटलंही.

काही वर्षांनी अकोल्याच्या एका कॉलेजात व्याख्यान होतं. दरवर्षी घेते तोच सोपा धडा: शून्य आणि एकच्या मधली संख्या घ्या, दुप्पट करा, पूर्णांक टाकून द्या, परत दुप्पट करा. कागदावर बहुतेक संख्या भटकतच राहतात. मशीनला मात्र शून्य-एकच्या भाषेतले मोजकेच अंक साठवता येतात. दर दुपटीला एक अंक गळतो, आणि अंक संपले की उरतं शून्य. "म्हणून पोट्टेहो, मशीनवर डोळे झाकून..." इथं माझी जीभ अडली. तिच्या प्रश्नाच्या पोटात हाच दुपटीचा नियम होता. जे मी पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवते, ते त्या दिवशी मलाच आठवलं नव्हतं. पुढे काय बोलले, देव जाणे.

त्या रविवारी एसटीनं अंजनगाव गाठलं. ती मळ्याच्या कडेला पानांच्या चवडी लावत बसली होती. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "तुझं बरोबर होतं गं. चूक माझी. माफ कर मला."

तिचे हात थांबले नाहीत. "मले मालूम होतं, मॅडम. तुमीच त शिकवलं होतं, पयल्या आठवड्यात."

"मग तेव्हाच भांडली काहून नाही?"

"मले वाटलं, तुमी माई परीक्षा घेऊन राह्यल्या. दुसऱ्याच दिवशी सगळं कारण लिहून शिपायाजवळ पाकीट देल्लं. तुमी बोलवसान म्हणून सालभर वाट पाह्यली. मंग आली मळ्यात."

मला तिथंच रडू फुटलं. तिनं पाणी दिलं.

सोमवारी डिपार्टमेंटमधलं माझं कपाट उपसलं. जुन्या उत्तरपत्रिकांच्या खाली ते पाकीट होतं, चिकटवलेलं तसंच. आत पूर्ण प्रकरण होतं. शेवटच्या पानावर माझ्या सहीची जागा तिनं पेन्सिलीनं आखून ठेवली होती.