पेटीखालच्या तुळया

एकाहत्तर सालचा मार्च, भिंगार. भर दुपारी एका परक्या घराच्या न्हाणीत आईने नळ सोडला आणि कढत पाणी आलं... चूल नाही, बंब नाही, धूर नाही. आईने हात मागे घेतला आणि लहान मुलीसारखी हसली.

वडील जाऊन चार महिने झाले होते आणि त्यांचं सरकारी क्वार्टर आम्हाला सोडायचं होतं. भाऊ बेलापूरला, त्याचं घर म्हणजे वहिनीचं घर. आईचं एकच म्हणणं होतं, "मला माझ्या दाराला माझं कुलूप लावायचंय गं." मी शाळेत शिकवत होते, बिनलग्नाची होते, तेव्हा घर शोधायचं काम माझ्याकडेच आलं.

या घराच्या धाब्यावर, म्हणजे तुळयांवर माती घातलेल्या सपाट छतावर, मालकांनी स्वतः बनवलेली एक पेटी होती. काळा रंग दिलेला पत्रा, आत नळ्यांची वेटोळी, वर जाड काच. सकाळी बादलीने पाणी भरायचं, दुपारपर्यंत ऊन ते तापवायचं. गल्लीतले लोक पाहुण्यांना ती पेटी दाखवायला आणायचे... आजच्या भाषेत सांगायचं तर सोलरवालं घर, पन्नास वर्षं आधीचं.

घर बघायला मी सखाराम मिस्त्रींना बरोबर नेलं होतं. कोल्हारचे सुतार, आमच्या शाळेची बाकं तेच दुरुस्त करायचे. त्यांनी पेटीकडे बघितलंसुद्धा नाही. खोलीत उभे राहून छताच्या तुळया काठीने ठोकत राहिले, मग एका जागी थांबले.

"रंग नवा हाय, बाई. आन् या अंगाच्या तुळयांचा आवाज बसका येतोय. ती पेटी जरा बाजूला घ्या, वरनं माती उकरून बगतो."

मालक उसळले. "पेटी हलवायची? काच फुटली तर मुंबईहून आणावी लागेल!"

"मग खालनं पटाशी टोचून बगू? बोटभर भोक पडंल, दुसरं काय न्हाई."

"नव्या ऑइलपेंटला भोक?" मालक माझ्याकडे वळले आणि आवाज एकदम मऊ करून म्हणाले, "बाई, तुम्ही कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या. विज्ञान काय ते तुम्हाला मी सांगायला हवं का?"

झालं! मी फुगले. सिस्टरांनी फळ्यावर काढलेल्या उष्णतेच्या आकृत्या मला आठवल्या आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही बाकं बघा. हे विज्ञान आहे."

मिस्त्रींनी काठी भिंतीला टेकवली. "बरं, बाई," एवढंच म्हणाले आणि वहाणा घालून निघाले.

आम्ही घर विकत घेतलं. आईने दाराला तिचं कुलूप लावलं. रोज दुपारी ती गरम पाण्याने अंघोळ करायची आणि येईल त्या बाईला नळ सोडून दाखवायची. मी सकाळी शिडीने दोन बादल्या वर चढवायचे... बहात्तरला नळाला दोन-दोन दिवस पाणी येईना, तरी एक बादली पेटीसाठी ठेवायचेच. गाव घोटभर पाण्याला महाग आणि आमच्या पेटीच्या सांध्यातून थेंब थेंब धाब्याच्या मातीत मुरत होतं. आमच्याही आधी, कित्येक वर्षं.

आईच्या अंथरुणावर माती पडायला लागली. "रोज चादर झटकते गं मी," ती म्हणायची. मी म्हणायचे, "जुनं घर आहे आई, पडणारच." सुशिक्षित उत्तरं माझ्याकडे कायम तयार असायची.

मग एका रविवारी दुपारी जेवताना वरून कडकन आवाज आला... ताटात माती पडली. आईला हाताला धरून अंगणात काढलं आणि मिस्त्रींना आणायला शेजाऱ्यांना कोल्हारच्या एसटीत बसवून दिलं. मला स्वतः जायची हिंमत नव्हती.

संध्याकाळच्या आत मिस्त्री आले. गल्लीतल्या चौघांना घेऊन पेटी उतरवली, ओली माती उकरली. तुळईवर त्यांनी नुसता अंगठा दाबला, तर तो पेरापर्यंत आत गेला. खालून रंग, आत वाळवी.

"हितं खाली कोन निजतं?" त्यांनी विचारलं.

"आई."

त्यांनी बाकीच्या तुळयांवरही एकेक करून अंगठा दाबला. मग म्हणाले, "एक-दोन न्हाईत. साताच्या सात गेल्यात. टेकू देतो, पर आजपासनं कुनी आत निजायचं न्हाई."

त्या दुष्काळात नव्या तुळया घालणं आम्हाला जमलं नाही. आई बेलापूरला गेली. अकरा वर्षं वहिनीच्या स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात राहिली, चहा करायलाही विचारून स्टोव्ह पेटवायची, आणि तिथेच गेली. मला तिने एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर मी निदान भांडले असते.

हल्ली सोलर पॅनेल असलेली घरं विकायला निघतात आणि मंडळी युनिटं विचारतात, वॉरंटी विचारतात, फोटो टाकतात. अरे, पॅनेलं ज्यावर उभी आहेत ते छत कोण बघणार? एक-दोन पॅनेलं काढायला लावा, खालची ओल बघा, जाणत्या माणसाला ठोकून बघू द्या. विकणारा नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा... आणि तो तुमच्या शिक्षणाचं कौतुक करायला लागला तर पळा.

आई त्या घरातून जिवंत बाहेर पडली. पुढे ते छत कोसळलंच, पण त्याआधी टेकू मिळाले म्हणून चार भांडी, वडिलांचा फोटो, तिच्या साड्या बाहेर काढता आल्या. हे मिस्त्रींचे उपकार. त्या संध्याकाळी मी वाट बघत होते, आता ते म्हणतील, "सांगितलं हुतं की बाई." ते म्हणाले नाहीत. पन्नास वर्षं झाली, ते वाक्य मीच मला म्हणते आहे.