किल्ली कोणाकडे होती?

पुस्तक आवडलं नाही की बाई ते काउंटरवर पालथं ठेवायच्या. वर उजव्या हाताचा पंजा दाबून धरायचा आणि म्हणायचं, "मला एक सांगा." एवढं ऐकलं की आमचे वाचनालयाचे मालक चष्मा काढून पुसायला घ्यायचे. आता बराच वेळ दुसरं काही होणार नाही, हे त्यांना माहीत असायचं.

तुमच्याही वाचनालयात अशी एखादी बाई असेल. नायिका रडली तरी चिडणारी, नायिका हसली तरी चिडणारी. पण आमच्या बाईंइतकं चिडणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. त्या ठाण्यातच एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या. पन्नाशी जवळ आलेली, लग्न केलेलं नाही, भावाच्या कुटुंबात राहत होत्या. बोलताना त्यांची बोटं काउंटरवर अशी आपटायची की वाटायचं, बोललेलं सगळं त्या टाइपही करतायत.

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मी एफ.वाय.ला होते आणि संध्याकाळी वाचनालयात काउंटरवर बसायचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. राहायला कोळीवाड्यात. खाडीत मासळी उरली नव्हती, म्हणून बाबा माजिवड्याला एका कंपनीत जायचे. आई मार्केटात मासळी विकायची. कॉलेजला जायला मिळालं होतं, पण ते कधीही काढून घेतलं जाईल असं मला सारखं वाटायचं. पायाखाली होडी असावी तसं. म्हणून मी कोणाशी वाद घालत नसे. फार बोलतही नसे.

त्या वर्षी एक कादंबरी आली. तिचं नाव इथे लिहीत नाही. अजूनही ती विकली जाते, माझ्यामुळे आणखी एक प्रत खपायला नको. गोष्ट अशी : रणजित नावाचा श्रीमंत, अबोल माणूस एका मुलीला डोंगरातल्या बंगल्यावर आणतो आणि कोंडून ठेवतो. त्याची पहिली बायको कशी मेली हे कोणाला ठाऊक नसतं. रात्री जिन्यावर पावलं वाजतात. मुलगी घाबरते, चिडते, मग हळूहळू त्याच्या प्रेमात पडते. शेवटी कळतं की खुनी दुसराच होता, आणि रणजितने तिला कोंडलं ते तिच्या भल्यासाठीच. तेव्हा तो दार उघडतो, तर ती जातच नाही. उलट कुलूप पुन्हा त्याच्या हातात देते.

आमच्याकडे चार प्रती होत्या, तरी नंबर लावून लोक थांबायचे. बँकेतल्या एक ताई ती परत करताना म्हणाल्या, "असं प्रेम आपल्या नशिबात कुठलं!" समोरच्या इमारतीतल्या वहिनींनी ती दोनदा नेली. "आमचे हे तर दार उघडं टाकून झोपतात," असं त्या म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या.

बाईंनी ती वाचली, पालथी ठेवली, पंजा दाबला.

"मला एक सांगा. किल्ली कोणाकडे होती?"

"त्याच्याकडे," वहिनी म्हणाल्या.

"तिच्या भल्यासाठी कुलूप लावलं ना? मग आतून का नाही लावू दिलं? किल्ली तिच्या हातात का नाही दिली?"

"अहो, मग कादंबरी कशी होणार?"

"नको व्हायला! कोणी सांगितलंय व्हायला?"

सगळे पुन्हा हसले. मीही हसले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या जिना उतरून गेल्या.

त्याच सुमारास समोरच्या सायकलच्या दुकानापाशी एक मुलगा उभा राहायला लागला. मी यायच्या वेळी असायचा, जायच्या वेळीही असायचा. कोळीवाड्याच्या वळणापर्यंत मागे यायचा. मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते, त्याचं नावही मला माहीत नव्हतं. नाव आमच्या वाचकांनीच ठेवलं.

"अगं, तुझा रणजित आला बघ. आज निळा शर्ट आहे."

एके दिवशी त्याने सायकल आडवी घातली. म्हणाला, "बोलत का नाहीस? मी वाट बघीन. पण किती दिवस, ते सांगता येत नाही." मी शेवटी धीर करून वहिनींना सांगितलं. त्यांनी गालाला हात लावला. "इश्श! अगदी कादंबरीतलंच वाक्य गं!"

मी घरी सांगू शकत नव्हते. सांगितलं असतं तर तो रस्त्यावरच राहिला असता आणि मी घरात बसले असते, एवढं मला कळत होतं.

शनिवारी संध्याकाळी मालक वाचकांना बोलवायचे. कपाटांच्या मधे चार बाकं टाकायची, चहा मागवायचा आणि महिन्याच्या एका पुस्तकावर बोलायचं. त्या शनिवारी तीच कादंबरी होती. ताई बोलल्या, वहिनी बोलल्या, एक निवृत्त गृहस्थ "स्त्रीमनाचा ठाव" असं काहीतरी बोलले. बोलता बोलता वहिनींनी खिडकीकडे बोट केलं. "आपल्याकडे तर खराच रणजित आहे! ही पोरगी भावच देत नाही बिचाऱ्याला."

बाईंनी कप खाली ठेवला. "कोण?"

"तो काय. रोज उभा असतो."

"रोज?" त्यांनी मला विचारलं. मी मान खाली घातली. तेवढं त्यांना पुरलं.

"वा!" त्या उठल्या. "इथे बसून चर्चा करता आणि तो खिडकीतून दिसतोय तुम्हाला! रोज दिसतोय! पोरगी काउंटरवर थरथरतेय आणि तुम्ही त्याच्या शर्टाचा रंग सांगता? लाज नाही वाटत?"

"अहो, गंमत…" वहिनी म्हणाल्या.

"कोणाची गंमत?"

आणि त्या जिना उतरून सरळ रस्ता ओलांडून गेल्या. आम्ही सगळे खिडकीत. त्यांनी त्याच्या सायकलचं हँडल धरलं. "नाव काय तुझं? कुठे राहतोस? आई-बापांना माहीत आहे, संध्याकाळी कुठे असतोस ते?" आवाज असा की दुकानातलं पंप मारणं थांबलं. माणसं जमली. तो हँडल सोडवून पळाला. पण जमलेल्या माणसांत आमच्या वाड्यातला एक बर्फवाला होता. आम्ही चहाचे कप गोळा करेपर्यंत बातमी माझ्या आधी घरी पोचली.

बाबांनी हात उचलला नाही. ओरडलेसुद्धा नाहीत. "कॉलेज बंद. लायब्ररी बंद. तुझ्या भल्यासाठी सांगतो," एवढंच म्हणाले.

मला त्या दिवसांत सर्वांत जास्त राग कोणाचा आला असेल? बाईंचा. त्यांनी गप्प बसायला हवं होतं, असं मला वाटत होतं. त्या ओरडल्या आणि शिक्षा मला झाली.

आठवडा झाला नसेल, त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. कचेरीतून तशाच आल्या होत्या, इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स. बाहेर वलांडीच्या आडव्या बांबूंवर बोंबील वाळत होते. पदर नाकाला लावून त्या त्यांच्या खालून वाकून आत आल्या. त्या पक्क्या शाकाहारी. पाणी दिलं ते घेतलं, पण श्वास रोखून.

"बाई, तुम्ही शिकलेल्या," बाबा म्हणाले. "पोरीच्या भल्यासाठीच बसवली."

बाईंची बोटं पर्सवर आपटायला लागली. "हे वाक्य मी वाचलेलं आहे. शेवटच्या प्रकरणात. मला एक सांगा, दोष त्याचा ना? मग तो मोकळा आणि ही कोंडलेली? चोर रस्त्यावर बघितला आणि तुम्ही कुलूप लावलंत ते घरच्या माणसाला!"

"लोक काय बोलतात ते तुमच्या कानावर येत नाय."

"येतं. तीस वर्षं येतंय."

ते त्या अगदी हळू म्हणाल्या. त्यांना कोणी, कधी, कशासाठी घरी बसवलं होतं ते आम्ही विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

तेवढ्यात आई चुलीजवळून म्हणाली, "त्यो उभा कुठं ऱ्हातो?"

"सायकलच्या दुकानासमोर," मी म्हणाले.

आमच्यात मार्केटातली बसायची जागा सासूकडून सुनेकडे येते. ती कोणी सोडत नाही, त्या जागेवरून सख्ख्या जावांत भांडणं होतात. आईने दुसऱ्या दिवशी संध्याकाळची आपली जागा धाकट्या काकूला दिली आणि पाटी घेऊन सायकलच्या दुकानासमोर जाऊन बसली. मला म्हणाली, "चल. जा वर तुझ्या पुस्तकांत." आईशी तिच्या जागेवरून वाद घालणं बाबांना जमलं नसतं. माझं कॉलेजही पुन्हा सुरू झालं.

तो आला, दोन दिवसांनी. आई कोयतीवर सुरमई कापत होती. "ये रं दादा!" ती सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी ओरडली. "रोज उभा ऱ्हातोस म्हनं, कधी काय घेत नाय. बोल, डोकं काढून देऊ का ठेवू?"

सायकलवाला हसता हसता खाली बसला. तो मुलगा पुन्हा तिथे दिसला नाही.

इथे गोष्ट गोड झाली असं समजू नका. त्याचं काहीही वाकडं झालं नाही. तो दुसऱ्या कुठल्या तरी दुकानासमोर उभा राहिला असेल, आणि तिथल्या खिडकीतल्या बायकांनी त्यालाही एखादं नाव ठेवलं असेल. वहिनी नंतर मला म्हणाल्या, "गेला गं बिचारा!" ते "बिचारा" मी अजून विसरलेले नाही. आणि आईची संध्याकाळची विक्री त्या कोपऱ्यावर कधीच मार्केटाइतकी झाली नाही.

पण एक झालं. बाई वाचनालयातून उतरल्या की आईजवळ थांबायला लागल्या. आधी उभ्या, पदर नाकाला. मग आईने मासळीचा एक रिकामा खोका उलटा करून त्यावर पोतं घातलं. "बसा वो." त्या बसल्या. आईला वाचता येत नव्हतं. बाई तिला कादंबऱ्या सांगायच्या, अर्थातच चिडून. मी कुलूप लावून खाली आले की दोघींचं चाललेलं असायचं.

"मग तो तिला म्हणतो, तू माझी आहेस! मला एक सांगा, ती काय पिशवी आहे?"

"मेल्याला बोंबलासारखा टांगा वलांडीवर," आई म्हणायची. "आनि त्याची आय कुठं हाय? ती काय नाय बोलत?"

"आई मेलेली आहे. यांच्या आया नेहमी आधीच मेलेल्या असतात."

"सुटली बिचारी."

बाई पदर सोडून हसायच्या. वास त्यांच्या लक्षातही यायचा नाही.

मी बी.ए. झाले, एका शाळेत लागले, पण संध्याकाळचं काउंटर सोडलं नाही, आणि आईने तिचा कोपरा. नव्वदनंतर त्यांच्या भावाने कल्याणला, शहाडच्या बाजूला, घर घेतलं. तरी त्या कचेरी सुटली की यायच्या, गोष्ट पुढे सांगायच्या आणि मग स्टेशनला जायच्या. एका पावसाळ्यात त्या यायच्या बंद झाल्या. आजारी आहेत असं कळलं. गणपतीनंतर त्यांचा भाचा वाचनालयाची पुस्तकं परत करायला आला, तेव्हा त्या गेल्याचं कळलं. त्याने पुस्तकं काउंटरवर नीट एकावर एक ठेवली. त्यांतल्या एका कादंबरीत मधोमध बसचं तिकीट होतं. तीच गोष्ट त्या आईला सांगत होत्या. ती सुलटी ठेवायची की पालथी, हे त्यांनी अजून ठरवलेलं नव्हतं. मालकांनी ती हातात घेतली आणि चष्मा काढून पुसायला घेतला.

मी ती घरी नेली. आईला म्हटलं, "पुढची मी सांगते." आई कोयती पुसत होती. मी तिकिटापासून सुरुवात केली. नायक नायिकेला म्हणतो, तुझ्याशिवाय मी जगू शकत नाही, तू नाही म्हणालीस तर बघ. मी नीट, सावकाश, स्वच्छ उच्चारांत वाचलं, वर्गात वाचते तसं.

आईने हात वर केला. "थांब."

"का गं आये?"

"त्यो एवढं बोलला, आनि तू नुसती पुढं गेलीस," ती म्हणाली. "बाई असती तर अजून इथंच असती."