मामंजींची झेंडी

माझ्या सासऱ्यांनी निवृत्तीनंतर घरासाठी दरवर्षी मोरावळे, साखरांबे आणि फळांचे गोड पदार्थ केले, आणि त्यातला एकही करताना चाखून पाहिला नाही. कढई गॅसवर असताना चमचा तोंडाला लावायचा नाही, बोटाला लागलेला पाक चाटायचा नाही, आंबा चिरून झाल्यावर बाठ चोखायची नाही. पहिला वाटा देवाचा. तोवर पाक झाला की नाही ते ताटलीवर थेंब टाकून पाहत आणि फोड शिजली की नाही ते सुरीच्या टोकानं. फळ गोड आहे की नाही, हे मात्र पाहतच नसत. "ते फळाचं काम. आपण आपलं करावं," म्हणत.

मी त्यांना मामंजी म्हणत असे. माझं माहेर झाशीतल्याच जुन्या मराठी घरांपैकी एक. आमचे पूर्वज कारकुनीसाठी इकडे आले आणि घरातली मराठी बरीचशी तेव्हाचीच राहिली. सासरचे लोक रेल्वेच्या नोकरीमुळे भुसावळकडून आलेले. लग्नानंतर पहिल्यांदा "मामंजी, चहा" म्हणून कप पुढे केला तेव्हा ते इतके हसले की चहा बशीत सांडला. "अगं, मामंजी काय! मी पगडी घालतो का?" पण पुढे त्यांनाच ते आवडू लागलं. कधी चुकून बाबा म्हटलं तर उत्तर द्यायला जरा उशीर लावत.

ते मालगाडीचे गार्ड होते. नोकरी सुटली तरी तिची भाषा सुटली नाही. स्नानगृहात कोणी असेल तर "ब्लॉक लागलाय" म्हणत, आणि जेवण तयार झालं का हे "सिग्नल मिळाला का?" असं विचारत. गोडाच्या बाबतीत तर त्यांचा एक विधीच होता. देवापुढे वाटी ठेवून झाली की सगळे टेबलाशी बसत. ते एक चमचा तोंडात घालत, डोळे मिटत, आणि चांगलं जमलं असेल तर उजवा हात वर करून झेंडी हलवल्यासारखा हलवत. "ऑल राइट. सोडा गाडी." मगच आम्ही हात लावायचा. बिघडलं असेल तर हात खालीच राही आणि "लाल" एवढं एकच ऐकू येई. मग काय चुकलं ते स्वतःच सांगत. पाक पुढे गेला, कैरी जून निघाली, वेलची जास्त झाली. स्वतःच्या हाताला त्यांनी कधी सूट दिली नाही.

हे सगळं मूळचं सासूबाईंचं. सांधे धरल्यावर त्यांना गॅसपाशी उभं राहवेना, तेव्हा त्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून सांगत आणि मामंजी ढवळत. न चाखण्याचा नियम त्यांचा, ताटलीवरच्या थेंबाची खूण त्यांची. त्या गेल्यावर आम्हाला वाटलं, आता हे बंद होईल. दुसऱ्याच उन्हाळ्यात मामंजींनी कैऱ्या आणल्या, किसल्या, आणि ते रिकामं स्टूल जागचं हलवू न देता साखरांबा केला.

मी एका शाळेत हिशेब पाहते, त्यामुळे अदमास या शब्दाशी माझं जमत नाही. मी स्वयंपाकघरात वजनकाटा आणून ठेवला होता. आवळ्याच्या वजनाला किती साखर, हे एकदा नक्की केलं की झालं, असं माझं म्हणणं. मामंजी काट्याकडे पाहुण्याकडे पाहावं तसं आदरानं बघत आणि ओंजळीनं साखर घालत. मी त्यांच्या नकळत ती ओंजळ तोलून पाहिली आहे. दर वेळी थोडी वेगळी भरे. त्यांचं म्हणणं, आवळेही दर वेळी वेगळे असतात. हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. एक मात्र मान्य करायला हवं. माझ्या काटेकोर पाकाची खडीसाखर होत असे.

आवळे आणि पेरू आणायला ते बसनं बरुआसागरला जात. झाशीत मिळत नसत असं नाही, पण तिथे एक फळवाली होती, आणि तिच्याशी घासाघीस केल्याशिवाय त्यांना फळ आणल्यासारखं वाटत नसे. एकदा मीही गेले होते.

"काय गार्ड साब, आज बहू खों सोई ले आए?" सुनेलाही आणलंत का, असं तिनं बुंदेलीत विचारलं, आणि एक पेरू कापून पुढे केला. "तनक चख के तो देखो."

"हम नहीं चखते."

"जे गार्ड साब बरसों से लै जा रए, आज तक एक फाँक नईं खाई," ती मला म्हणाली. "हमाओ इत्तो भरोसो तो हमाए घर बारे नईं करत."

मामंजींनी पेरू हातात घेऊन तोलला, नखानं देठापाशी टोचला, वास घेतला आणि पिशवीत टाकला. परतीच्या बसमध्ये म्हणाले, "वास घ्यायला नियमात मनाई नाही."

रविवारी केळ्यांचं शिकरण, थंडीत पेरूची जेली, सीताफळं आली की त्यांची रबडी. सीताफळाच्या बिया काढायला ते सकाळी अंगणात बसत आणि नात मुक्ता त्यांच्याशेजारी अभ्यासाचं पुस्तक उघडून बिया मोजत बसे. मुक्ताला मराठी सगळी कळते, बोलताना मात्र हिंदी मिसळते. "आबा, माझ्यावाली कटोरी बडी ठेवा हं," असं ती लहानपणापासून म्हणत आली.

मग एका वर्षी घरात सगळ्यांना ताप येऊन गेला. सगळ्यांच्याच तोंडाची चव गेली. माझी परत आली, श्रीकांतची, म्हणजे माझ्या नवऱ्याची आली, मुक्ताची आली. मामंजींना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आली, आली." विषय तिथेच संपला.

त्या थंडीत त्यांनी नेहमीसारखा मोरावळा घातला. आवळे टोचून रात्रभर तुरटीच्या पाण्यात ठेवायचे आणि सकाळी भरपूर पाण्यात पुन्हापुन्हा धुवायचे, अशी सासूबाईंची रीत. नेमकं त्या सकाळी नळाला पाणी आलं नाही. मामंजींनी होत्या पाण्यात एकदा आवळे खळबळले, बाकीचं पाणी आल्यावर धुऊ म्हणून बाजूला ठेवले, आणि तेवढ्यात कोणीतरी भेटायला आलं. तो गेल्यावर त्यांनी आवळे उचलले आणि सरळ उकडायला टाकले. हे आम्हाला मागाहून कळलं. कढईतलं कोणीच चाखत नसल्यामुळे चूक कळण्याची जागा एकच होती, ती म्हणजे देवापुढची वाटी उचलल्यानंतरचा त्यांचा पहिला चमचा.

त्यांनी तो घेतला. डोळे मिटले. हात वर गेला. "ऑल राइट. सोडा गाडी."

मी आवळा तोंडात घातला आणि जीभ टाळ्याला चिकटली. पाकाचा गोडवा वर होता, आत सगळी तुरटी. श्रीकांतनं माझ्याकडे पाहिलं. मुक्ता चावायची थांबली.

"कसा झालाय?" मामंजींनी विचारलं.

"छान झालाय," मी म्हणाले.

"मस्त, बाबा," श्रीकांत म्हणाला. मुक्ता नुसती मान हलवून पाणी प्यायली.

सासूबाईंची रीत, म्हातारा माणूस, एवढी मेहनत. बोलायचं कोणी, हा प्रश्न होता. पण बरणी तर खाली जायला हवी. त्यावर उपाय श्रीकांतनं काढला. रोज ऑफिसला जाताना तो दोनतीन आवळे कागदात गुंडाळून नेई आणि कोपऱ्यावरच्या गायीपुढे टाकी. बरणीतली पातळी बेताबेतानं उतरू लागली. मामंजी ती रोज पाहत.

एका सकाळी ते फिरून आले ते चप्पल न काढताच टेबलाशी बसले. श्रीकांत निघायच्या तयारीत होता.

"श्रीकांत, गाय खात नाही रे."

"कुठली गाय, बाबा?"

"कोपऱ्यावरची. तुझ्या कागदातला मोरावळा. हुंगला, तोंड लावलं आणि सोडून दिला. कालचेही तिथेच पडलेत."

"बाबा, तसं नाही..."

"म्हणजे आपल्या घरात खरं बोलणारी तेवढी एकटीच." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय झालंय त्याला?"

"तुरटी राहिलीय, मामंजी," मी म्हणाले. "आत भरून राहिलीय."

त्यांनी पायातल्या चपला काढून बाजूला सारल्या. मग म्हणाले, "मला चव नाही लागत. तापापासूनच. वासही नाही."

"पण आबा," मुक्ता म्हणाली, "तुम्ही तर बोलला होता ना, आ गई है?"

"बोललो होतो. येईल येईल करत राहिलो. चव गेली ते एक वेळ चालेल, बेटा. पण दिसत नसताना मी हिरवी दाखवली. सबंध नोकरीत जे केलं नाही, ते घरात केलं."

आम्ही तिघांनी मिळून त्यांची समजूत घातली, आणि ती पटली नाही. त्यांनी स्वतः बरणी रिकामी केली, घासली, उन्हात पालथी घातली. "आता जे लागेल ते बाजारातून आणा," म्हणाले. बाजारातून काही आणायला कोणी गेलं नाही. रविवारचं शिकरणही बंद झालं. मामंजी पेपर घेऊन बसत आणि पान उलटत नसत. जेवायला चला म्हटलं की येत, पण सिग्नल मिळाला का, असं विचारणं थांबलं होतं. घरातला माणूस असा गप्प होत गेला की त्याला औषध काय द्यावं ते कळत नाही.

बेलफळं बाजारात आली तेव्हा मी कामावरून येताना पिशवीभर घेऊन आले. मुरांब्याला लागतात तशी, कच्ची. त्यांच्यापुढे ठेवली.

"हे कशाला?"

"मुरांब्याला. पाक माझ्याच्यानं होत नाही, तुम्हाला माहीत आहे. करायचं तुम्ही. देवाला दाखवून झालं की चाखायचं मी."

"तू?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तू तर छान म्हणाली होतीस."

मी म्हणाले, "आता नाही म्हणणार."

त्यांनी एक बेलफळ उचललं. कानाशी नेऊन बोटानं वाजवलं. मग दुसरं. "हे नको, पिकायला आलंय," म्हणून एक बाजूला काढलं, आणि मला सुरी आणायला सांगितलं.

चकत्या कापून बिया आणि चीक काढणं, उकडणं, पाक, सगळं नेहमीसारखं झालं. एकच बदल केला. साखर त्यांनी काट्यावर ठेवू दिली. तेही माझ्यावर उपकार केल्यासारखं. मुरांबा मुरल्यावर देवापुढे वाटी गेली आणि परत आली. सगळे टेबलाशी बसले. चमचा त्यांनी माझ्या हातात दिला.

पाक सुरेख होता. पण चकतीच्या मधोमध दाताला कच्चेपणा लागत होता. तो खपून गेला असता. मामंजी माझ्या तोंडाकडे पाहत होते, आणि श्रीकांतनं टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला.

"लाल, मामंजी."

श्रीकांतनं डोळे मिटून घेतले.

"का?" मामंजींनी विचारलं.

"बेल मधे कच्चं राहिलंय. उकडताना घाई झाली."

"पाक?"

"पाक हिरवा."

त्यांनी वाटी पुढे ओढली, एक चकती सुरीच्या टोकानं टोचून पाहिली, आणि मान डोलावली. "बरोबर आहे. उठ, कढई ठेव. आणि श्रीकांत, तू पाय आवर. मला दिसतो." सासूबाई गेल्यानंतर इतकं खुशीत मी त्यांना पाहिलं नव्हतं.

पुढे हे असंच चाललं. ते करत, मी निकाल देई. मी जितकी कडक झाले तितके ते खूश राहिले. पाहुण्यांना सांगत, "ही फार अवघड बाई आहे. सहजी गाडी सोडत नाही." बरुआसागरच्या फळवालीलाही त्यांनी हे ऐकवलं म्हणे, आणि तिनं त्यावर माझ्यासाठी दोन पेरू जास्त टाकले. नंतर नंतर त्यांना उभं राहवेना. मग ते सासूबाईंच्या स्टुलावर बसून सांगू लागले आणि ढवळणं माझ्याकडे आलं. ओंजळ की काटा हा वाद तेव्हाही रोज होई. ताटलीवरचा थेंब कधी पसरतो आणि कधी जागीच राहतो, ते मला त्या स्टुलाशेजारी उभं राहून कळलं. माझ्या पाकाची खडीसाखर व्हायची थांबली.

ते उन्हाळ्यात गेले. साखरांब्याची बरणी अर्धी होती. ती आम्ही संपवली. चांगला झाला होता, टाकायचा कशाला?

मुक्ता आता नोकरीसाठी पुण्यात असते. यंदा बेलाचा मुरांबा मी एकटीनं केला आणि तिकडे जाणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर गाडीनं तिला एक बरणी पाठवली. देवाला दाखवून झाल्यावर घरी मी चाखला होता आणि मला तो बरा वाटला होता. पण स्वतः केलेल्याला स्वतःच झेंडी दाखवायची, हे मला मामंजींइतकं जमत नाही. रात्री तिचा फोन आला.

"आई, मुरांबा मिला. माझ्या रूममेटनं तर आधी कटोरी खाली केली. बोलते, अमेझिंग आहे."

"तू सांग. हिरवी की लाल?"

पलीकडे बरणीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

"सच बोलू? लाल. चाशनी पतली राहिली आहे, आई. बरणी तिरछी केली की पाणी जैसी वाहते."

शेजारी बसलेला श्रीकांत हसला. मी तिला बरं म्हणाले आणि फोन ठेवला. आमच्या वाटणीची बरणी कपाटातून काढली, पाक कढईत ओतला, गॅस लावला, आणि ताटली जवळ घेतली.