पाच कोरडे बाजार

दारूबंदीवर मी सात पत्रकं लिहिली होती आणि माझ्या थोरल्या भावानं सातही वाचली होती. "ब्येस लिहितोस," दादा म्हणायचा. "वाचता वाचता घसा कोरडा पडतो." मग तो घसा ओला करायला कळमनुरीच्या शिंदीच्या दुकानात जायचा.

सरकार दुकानाचा गुत्ता, म्हणजे ठेका, देतं, गुत्तेदार रयतेला पाजतो आणि तिजोरी भरते, हे मी ठणकावून लिहीत असे. निजामाच्या राज्यात असलं छापणं म्हणजे तुरुंग. म्हणून पत्रकं पैनगंगेपलीकडे, वऱ्हाडात छापायची आणि कडब्याच्या पेंढीत घालून आणायची. एवढी नदी ओलांडणाऱ्या मला सख्खा भाऊ दुकानाच्या पायरीवरून उठवता येत नव्हता. अखेर वहिनी लेकराला घेऊन सेनगावला माहेरी गेल्या. त्यांचा निरोप आला: पाच बाजार कोरडे काढा, मग येते. एक जरी चुकला तर बोलवायला कुणी येऊ नये.

बाजाराचाच दिवस अवघड असायचा. आठवडाभर दादा शेतात राबायचा; बाजारात आला की पाय आपोआप तिकडं वळायचे.

मला वाट दाखवली ती गुत्तेदारानंच. दुकानासमोर पत्रकं वाटत होतो, तेव्हा तो ओट्यावरून म्हणाला, "मालक, तुमच्या कागदानं माझं एक गिऱ्हाईक हललं न्हाई. धंदा बुडवला तो त्या म्हाताऱ्या पिंजाऱ्यानं. जा, बघा काय जादू करून राहिला."

पिंजारी चाचांनी कधीकाळी आपली पिंजायची कमानसुद्धा शिंदीपायी विकली होती. आता दारू सोडलेले आणि सोडू बघणारे पाच-सहाजण दर बाजाराला त्यांच्या पडवीत बसत. दुकान उघडल्यापासून बंद होईस्तोवर. मधे कापसाचा ढीग. त्यातला काडीकचरा आणि राहिलेली सरकी वेचायची. वेचता वेचता वाटलं तर बोलायचं, पण फक्त आपलं. दुसऱ्याचं नाही.

मी दादाला घेऊन गेलो. "कापूस काहून?" दादानं विचारलं.

"हात थरथरतात ना तुझे?" चाचा म्हणाले. " कप दिला तर फुटंल. कापूस हातातून पडला तर काय होतंय?"

सगळे हसले. दादाही. आता आपली पाळी, असं समजून मी उभा राहिलो आणि गुलामी, जनता, जुलूम, सगळं एका दमात सांगितलं. चाचांनी शांतपणे ऐकलं.

"बेटा, तू पितोस?"

"छे!"

"मग तुझ्याजवळ सांगायला काय न्हाई. बस. वेच."

मी बसलो. वेचण्यात मी सगळ्यांत वाईट होतो.

तिथं तांड्यावरचा एक गडी यायचा. त्यानं बैलाची घुंगरमाळ विकून शिंदी प्यायली होती आणि बायकोला सांगितलं होतं, चोरानं नेली. "ती अजून रोज सकाळी चोराला शिव्या देती," तो म्हणाला. "माझ्या तोंडावर. अन् मी व्हय व्हय करतो." (हे आता इथं लिहितो आहे ते त्याला विचारून. "लिही की," म्हणाला, "आता लपवायला तू ठेवलंस काय?")

तीन बाजार कोरडे गेले. दादाचे हात स्थिर होऊ लागले. आणि मी आठवं पत्रक लिहिलं.

नाव एकाचंही घातलं नाही, याचा मला केवढा अभिमान! 'तांड्यावरील एक बंधू, ज्यानं घुंगरमाळ विकून चोरीचा बनाव केला...' घुंगरमाळ चोरीला गेलेला माणूस तालुक्यात एकच होता, हे लिहिताना सुचलं नाही.

चौथ्या बाजारी गुत्तेदार ओट्यावर उभा राहून माझं पत्रक मोठ्यानं वाचत होता. माझं लिखाण इतक्या गोडीनं तोवर कुणी वाचलं नव्हतं. "मालक, अजून हायती का?" त्यानं विचारलं.

पडवीत चाचा एकटेच होते. "त्या गड्याला बायकोनं भायेर काढलं," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "तो निघाला दुकानाकडं. तुझा भाऊ त्याच्यामागं गेला. बाकीचे लाजून घरी बसले."

मी धावत दुकानाशी गेलो. दोघं तिथं नव्हते. बैलबाजाराच्या मागं, लिंबाखाली सापडले. मधे धोतराच्या सोग्यात मूठभर कापूस. गडी रडत होता, दादा वेचत होता. मला बघून दादानं हात वर केला: तिथंच थांब. मी उन्हात थांबलो, दुकान बंद होईपर्यंत.

पाचव्या बाजारी सगळे परत आले. चाचांनी मला पडवीबाहेर बसवलं. दुकान बंद व्हायला आलं तेव्हा सेनगावची गाडी येऊन थांबली.

"भावजी, झाले का पाच?" वहिनींनी उतरता उतरता विचारलं.

"मला ठाऊक नाही."

"तुमाला? तुमाला तर साऱ्या तालुक्याचं ठाऊक असतंय."

त्या आत गेल्या. चाचांचा आवाज आला, "पाच. बराबर." मग त्या गड्याचा, "चौथा माझ्यापायी अवघड गेला, वैनी. पण गेला." वहिनी बाहेर आल्या आणि झोपलेलं लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं.

"धरा याला. ढीग लई उरलाय, आमी संपवून येतो." मग वळून माझ्या खिशाकडं बोट केलं. "अन् भावजी, ती पेन्सिल द्या इकडं."

दिली.