खाडीत बुडी मारणारा

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मी तेव्हा ठाण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होतो. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाताना जव्हारहून जामसरला जाणाऱ्या जीपमध्ये तो शेजारी बसला होता. तो ठाण्याकडच्या खाडीत बुड्या मारून बादलीनं रेती काढायचा. पाण्याच्या दाबानं त्याचा डावा कान गेला होता. म्हणून बोलताना तो मान वळवून उजवा कान पुढे करायचा.

"काय शिकतोस, पोरा?"

"खाडीतले मासे, शिंपले," मी ओरडून सांगितलं.

तो म्हणाला, "आधी रेतीबरोबर जित्या शिंपल्या यायच्या. आता नुसती टरफलं येतात. आमीच खरवडलं सारं. पन दुसरं काम कोन देतंय?"

ते डोक्यातून गेलंच नाही. पुढे मी सागरी जीवशास्त्र घेतलं, खाडीच्या तळाचा अभ्यास केला आणि रेतीचा उपसा बंद करा, असा अहवाल लिहिला. तो देण्याआधी शेवटची पाहणी करायला गेलो, तर रेतीच्या होडीवरचे मजूर जव्हारशेजारच्या मोखाड्याचे निघाले. गावाकडचा माणूस म्हणून त्यांनी मला चहा दिला.

"कशाला आलात, सायेब?" एकानं विचारलं.

"पाणी तपासायला," मी म्हणालो.