तुमच्याकडचे गोळीबार

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी डोंबिवलीत, कोपरच्या बाजूला, दोन खोल्यांत एकटा राहत होतो. आईनं माझ्याकडे राहायला यावं, एवढीच इच्छा होती. ती कोकणात थोरल्या भावाकडे असायची. तिच्यासाठी खिडकीशी खाट घेऊन ठेवली होती. त्या खाटेवर वर्तमानपत्रं साचत होती.

गणपतीला गावी गेलो तेव्हा विषय काढला. दादा म्हणाला, "तुमच्याकडे रोज गोळ्या सुटतात. तिथं म्हातारीला न्यायची?"

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात बोल्ट तपासायचो. खोक्यात खराब बोल्ट किती, हे विचारण्याआधी खोक्यात एकूण बोल्ट किती, ते विचारायचं, एवढीच माझी विद्या. ती दादावर चालवली.

"तुमच्याकडे म्हणजे कुठे रे दादा? कुलाब्यापासून कल्याणपर्यंत सगळं एकच? तिथली माणसं किती, ते बघ आधी. मग गोळीबारांना त्या माणसांनी भाग."

"म्हणजे पेपरात येतं ते खोटं?"

"येतं ते खरंच. येत नाही त्याचं काय? वरच्या वाडीतल्या गड्याला डुक्कर समजून गोळी घातली, ते कुठल्या पेपरात आलं?"

"तो अपघात होता."

"गोळीला ते ठाऊक होतं?"

हे चाललेलं असताना दादाची ठासणीची बंदूक दाराआड टेकून उभी होती. डोंबिवलीत मी बंदूक एकदाच पाहिली होती: हिंसाचाराच्या निषेधसभेत, व्यासपीठावर, पुढाऱ्याच्या अंगरक्षकाकडे.

दादानं पानाचा डबा पुढे ओढला. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात तांदूळ निवडत बसलेली आई म्हणाली, "तुझा भागाकार बरोबर असेल रे. पण तू सकाळी जाणार, दिवे लागल्यावर येणार. मधे मी बोलू कुणाशी?"

एकटाच परत आलो.

पुढे मुंबईत कुठेही गोळीबार झाला, की शेजाऱ्यांकडे माझ्यासाठी गावाहून फोन यायचा. "बरा आहेस ना? बाहेर पडू नको," असं दादा सांगायचा. मागून आईचा आवाज यायचा, "जेवला का, विचार." सुरुवातीला मी दादाला ते ठिकाण माझ्यापासून किती लांब आहे ते समजावायचो. नंतर सोडून दिलं.

मग हळूहळू तशा बातम्या कमी झाल्या. गोळीबारच घटले की पेपरांना दुसरं काही सापडलं, हे मी तपासलं नाही. एकदा शेजारच्या वहिनींनी विचारलं, "काय हो, हल्ली गावाहून फोन नाही तुमचा?"

"सध्या शांतता आहे," मी म्हटलं.